हिल ६०चा राखणदार: ऑलिव्हर वुडवर्डची सुरुंग कंपनीतली चार वर्षं (१९१५–१९१९)

पहिल्या महायुद्धात, ७ जून १९१७ च्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी बेल्जियममधल्या ईप्रजवळ हिल ६० आणि शेजारची कॅटरपिलर टेकडी उडाली. खटका दाबणारा अधिकारी ऑस्ट्रेलियाचा ऑलिव्हर वुडवर्ड होता. पण हे दोन्ही सुरुंग त्याने खोदलेले नव्हते आणि त्यात दारूही त्याने भरलेली नव्हती. त्याच्या कंपनीकडे ते आयते आले ते नोव्हेंबर १९१६ मध्ये. पुढचे सात महिने तिचं काम एकच: भरलेला बार शाबूत ठेवायचा. सुरुंगवाल्या सैनिकाची नोकरी म्हटली की डोळ्यांसमोर स्फोट येतो, पण प्रत्यक्षात ती बव्हंशी पाणी, हवा, कान आणि तारा यांची राखण होती. म्हणून हे प्रकरण खोदकामापेक्षा देखभालीच्या अंगाने पाहिलेलं बरं.

भरती

वुडवर्डचा जन्म ८ ऑक्टोबर १८८५ चा, न्यू साउथ वेल्समधल्या टेंटरफील्डचा. क्वीन्सलँडच्या चार्टर्स टॉवर्स इथल्या खाणशाळेत तो शिकला, माउंट मॉर्गनच्या खाणीत राहिला, मग पापुआत तांब्याच्या खाणीवर. ऑगस्ट १९१५ मध्ये तो सैन्यात दाखल झाला तेव्हा तिशीला टेकला होता आणि खाणधंद्यात पुरता मुरला होता. याच सुमारास सिडनीचे भूगर्भशास्त्रज्ञ प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड आणि मेलबर्नचे प्राध्यापक स्कीट्स यांनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला होता: खाणकामगारांचं वेगळं दल उभारा आणि ते सुरुंगयुद्धाला, म्हणजे शत्रूच्या खंदकांखाली भुयार खोदून दारू उडवण्याच्या लढाईला, पाठवा.

सुरुंगयुद्धाची गरज का पडली, याच्याशी आपलाही एक धागा जुळतो. २० डिसेंबर १९१४ रोजी जर्मनांनी फ्रान्समधल्या झीव्हाँशीजवळ दहा लहान सुरुंग उडवले, ते भारतीय कोअरच्या सिरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली. ही ब्रिगेड ज्या लाहोर डिव्हिजनमध्ये होती, तिच्याबरोबर खडकीच्या ३ नंबर सॅपर्स अँड मायनर्सच्या (सैन्यातल्या खणकाम-बांधकामवाल्यांच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या गेल्या होत्या. आज आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो, त्यांच्याच या कंपन्या. ऑक्टोबरअखेर न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांना पायदळासारखं लढायला लावलं होतं आणि त्यात त्यांचे बहुतेक अधिकारी गेले. डिसेंबरच्या त्या स्फोटांनंतर ब्रिटिशांना कळलं की आहे त्या सॅपर्सवर हे काम निभणार नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स या कंत्राटदार-खासदाराने मँचेस्टरच्या गटारांत काम करणारी माणसं उचलून थेट आघाडीवर नेली आणि पहिल्या टनेलिंग, म्हणजे भुयारं खोदणाऱ्या, कंपन्या उभ्या राहिल्या. या माणसांना दिवसाला ६ शिलिंग मिळत, तर ब्रिटिश पायदळातला साधा शिपाई जेमतेम शिलिंगभरावर होता. ऑस्ट्रेलियन सैन्यात मात्र साध्या शिपायालाच ६ शिलिंग होते. त्यामुळे तिथले खाणवाले आले ते काही पगाराच्या ओढीने नव्हे.

ऑस्ट्रेलियन मायनिंग कोअर २० फेब्रुवारी १९१६ रोजी सिडनीहून ‘युलिसिस’ जहाजाने निघाली. फ्रीमँटलला जहाजाचा तळ खडकाला लागला, दुरुस्तीत महिना गेला आणि फ्रान्सचा किनारा दिसायला मे उजाडला. तिथे पोचल्यावर कोअर मोडून तीन टनेलिंग कंपन्या झाल्या. त्यांच्याशिवाय पंप, वीज आणि भोकं पाडण्याची यंत्रं सांभाळणारी एक चौथी कंपनी झाली. तिचं नाव इतकं लांबलचक होतं की सगळे तिला ‘अल्फाबेट कंपनी’च म्हणू लागले. वुडवर्ड पहिल्या कंपनीत होता. प्राध्यापक डेव्हिड, आता मेजर, वय वर्षं ५८, सैन्याला भूजलपातळी आणि मातीचे थर सांगत आघाडीवर हिंडू लागले.

मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक वुडवर्डला पहिल्यांदा महिन्याभरातच मिळालं. आर्मंतिएर भागात दोन्ही खंदकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात एक पडकं लाल घर होतं आणि जर्मन नेमबाज त्याचा आडोसा घेत. जून १९१६ मध्ये वुडवर्डने ते दारू लावून उडवलं. भुयाराचा त्यात संबंध नव्हता.

आयता बार

हिल ६० ही निसर्गाची टेकडी नाही. एकोणिसाव्या शतकात ईप्र-कोमिन रेल्वेसाठी चर खोदला, त्याची माती टाकून ती तयार झाली. उंची समुद्रसपाटीपासून ६० मीटर, म्हणून नकाशावर ते नाव. सपाट मुलखात एवढ्या उंचीवरूनही ईप्र शहर दिसे, म्हणून दोन्ही बाजूंना ती हवी होती. रुळांच्या पलीकडचा लांबोळका ढिगारा म्हणजे कॅटरपिलर.

ब्रिटिश १७५ व्या कंपनीने आघाडीच्या खंदकामागे सुमारे २०० मीटरवरून खोल भुयार काढायला घेतलं आणि कॅनडाच्या तिसऱ्या कंपनीने ते पुरं केलं. हिल ६० खाली ५३,५०० पौंड, म्हणजे २४ टनांवर दारू भरली गेली. त्यात ४५,७०० पौंड अमोनल आणि ७,८०० पौंड गनकॉटन होतं. कॅटरपिलरखाली ७०,००० पौंड, म्हणजे जवळजवळ ३२ टन अमोनल. खोली अनुक्रमे २७ आणि ३० मीटरच्या आसपास. एवढी दारू कशाला, असं वाटेल. पण वरची माती उचलायला लागणारी दारू खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. खोली दुप्पट केली की दारू आठपट लागते. खोल गेल्याशिवाय जर्मनांच्या भुयारांखालून जाता येत नव्हतं, आणि खोल गेल्यावर टनांच्या खाली भागत नव्हतं.

अमोनल म्हणजे मुख्यतः अमोनियम नायट्रेट, त्यात अॅल्युमिनियमची भुकटी, टीएनटी आणि थोडा कोळसा. धक्क्याने ते सहजी पेटत नाही, म्हणून वाहतुकीला बरं. पण हवेतला ओलावा ते मिठासारखं ओढून घेतं आणि ओलं झालेलं अमोनल पुरतं पेट घेत नाही. त्यामुळे ते बंद, पाणी न शिरणाऱ्या डब्यांतच ठेवावं लागे. आता हे डबे अशा जमिनीत ठेवले होते जिथे पाणी कधी थांबतच नाही. पहिल्या ऑस्ट्रेलियन कंपनीने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी ताबा घेतला तेव्हा हिल ६०चा बार भरून तीन महिने झाले होते. ७ जूनच्या पहाटेपर्यंत तो दहा महिन्यांचा होणार होता.

पाणी आणि हवा

इथला जमिनीचा छेद असा: वर थोडी चिखलमाती, खाली पाण्याने गच्च भरलेली वाळू, तिच्याखाली निळसर चिकणमातीचा जाड थर. खरं काम या निळ्या मातीत. अडचण मधल्या वाळूची. ती खोदू तेवढी आत वाहून येते. तिच्यातून लाकडी चौकटींचा आड उतरवला तर फटींतून पाण्याबरोबर वाळू झिरपते, आडामागे पोकळी होते आणि एक दिवस सगळा आड तिरका होतो. तोडगा म्हणजे पोलादी पत्र्याची गोल कडी एकावर एक बोल्टांनी जोडायची, वरून वजन देऊन खाली दाबत न्यायची आणि आतली वाळू उपसत राहायचं. शेवटचं कडं निळ्या मातीत रुतलं की पाणी बाहेर अडतं. आपल्याकडे विहिरीला काँक्रीटची कडी उतरवतात, ढोबळ मानाने तीच रीत. पाण्याच्या निचऱ्यासाठी आणि हवेसाठी असा एक पोलादी आड ऑस्ट्रेलियनांनी इथे उतरवला. खोल भुयारातलं पाणी एका ठिकाणी ओढून बाहेर काढायला दुसरा मार्ग नव्हता.

निळ्या मातीचा त्रास वेगळा. उघडी हवा आणि ओलावा लागला की ती फुगते. ताज्या भुयारात घट्ट बसलेली लाकडी चौकट काही दिवसांत करकरू लागते, खांब वाकतात, तळ उचलला जातो. चौकटीला खिळे ठोकत नसत. एक तर आवाज नको, आणि मातीच्या दाबाने चौकट आपोआप आवळली जात असे. पण हाच दाब पुढे ती मोडतो. म्हणून रोजच्या पाळीत एक गट फक्त जुन्या चौकटी बदलण्यावर. भुयाराची उंची सव्वा मीटरच्या आत, रुंदी पाऊण मीटरच्या आत. तिथे पाठ सरळ करून काम होतच नाही.

हवेसाठी हातभाते आणि पंखे, नळ्यांतून आत ढकललेली हवा. पण भुयाराच्या टोकाशी मेणबत्ती नीट जळेल इतका प्राणवायू पोचला तरी ते चांगलं मानायचे. खरी धास्ती कार्बन मोनॉक्साइडची. कुठल्याही सुरुंगाचा स्फोट झाला, आपला असो वा शत्रूचा, की हा वायू मातीच्या भेगांतून दूरवर शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते, हातपाय चालेनासे होतात आणि आपल्याला काही होतंय हे कळायच्या आत तो बसल्या जागी जातो. म्हणून पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी आणि उंदीर. ते माणसाच्या आधी लोळतात आणि माणसाला पळायला थोडा वेळ मिळतो. सुटकेसाठी ‘प्रोटो’ संच: पाठीवर प्राणवायूची टाकी, छातीवर कॉस्टिक सोड्याची पिशवी, नाकाला चिमटा, तोंडात नळी. साधारण दोन तास पुरतो. श्रमाचं काम केलं तर कमी, आणि बेशुद्ध माणूस ओढत आणणं हे श्रमाचंच काम. खाणीत आधी असा संच वापरलेला माणूस इथे सोन्याचा होता.

कान

ब्रिटिश कंपन्यांची मातीत खोदायची पद्धत गटारवाल्यांची. एक माणूस तिरक्या लावलेल्या फळीवर पाठ टेकून, पाय खोदायच्या तोंडाकडे करून पसरतो आणि पायाने दाबून अरुंद धारदार फावडं मातीत घालतो, मग ढेकूळ उपटतो. दुसरा ते पोत्यात भरतो, तिसरा रबरी चाकांच्या छोट्या गाड्यावर ओढून नेतो. रूळ लाकडी, बूट काढलेले किंवा गोणपाट गुंडाळलेलं. कुदळीचा ठोका नाहीच. जर्मन बराच काळ कुदळ वापरत राहिले. त्यामुळे ते हळू सरकत आणि लांबवर ऐकू येत. ऑस्ट्रेलियातून आलेल्यांत कठीण खडकातले आणि कोळशातले खाणकामगार होते. दगडाला भोक पाडून बार उडवायची त्यांची सवय. चिखलात बिनआवाजी काम त्यांना इथे येऊन शिकावं लागलं.

निघालेली माती हा वेगळाच ताप. मीटरभर भुयाराची पन्नासाहून अधिक पोती होतात. निळी माती उघड्यावर दिसली की वरून विमानातून फोटो काढणाऱ्याला कळतं, हे लोक खोलवर गेलेत. म्हणून रात्री वाहून नेऊन झाकायची, इतर मातीखाली दडपायची.

ऐकण्यासाठी जिओफोन. ही फ्रेंचांची देणगी. लाकडाच्या दोन छोट्या चकत्या, प्रत्येकीत अभ्रकाच्या दोन पडद्यांत पारा, आणि डॉक्टरी नळीसारख्या नळ्यांनी दोन कानांना जोडलेल्या. दोन्ही चकत्या जमिनीवर ठेवायच्या, आवाज ज्या कानात आधी वा जास्त येतो ती सरकवायची. दोन्ही कानांत सारखा झाला की आवाजाची दिशा त्या दोन चकत्यांना जोडणाऱ्या रेषेच्या काटकोनात असते. ती होकायंत्राने मोजायची. दुसऱ्या चौकीवरून पुन्हा तेच. नकाशावर दोन रेषा छेदल्या की जर्मन कुठे आहे ते कळलं. ऐकताना आजूबाजूचं सगळं काम बंद. पंपही बंद. म्हणजे ऐकावं तर पाणी चढतं, उपसावं तर ऐकू येत नाही. या ओढाताणीवर कायमचा उपाय कोणालाच सापडला नाही. वेळापत्रक लावूनच निभावलं.

मग प्रश्न येतो: ऐकलं, पुढे काय? जर्मन भुयार जवळ आलं की लहान बार ठासून ते कोसळवता येतं. अशा बाराने वरची जमीन फुटत नाही, फक्त आतलं चिरडतं. पण हिल ६०ला हा उपाय दुधारी होता. जवळ उडवला तर आपल्याच मोठ्या बाराच्या तारा तुटण्याची भीती. शिवाय शत्रूला कळतं की इथे राखण्यासारखं काही आहे. उडवलं नाही तर तो खोदत खोदत थेट आपल्या दारूवर येईल. माझ्या मते या सात महिन्यांतलं खरं कौशल्य इथेच आहे. वरच्या आणि मधल्या थरात चकमकी चालू ठेवायच्या, म्हणजे जर्मनांना वाटावं की ऑस्ट्रेलियन एवढेच खोल आहेत, आणि खालच्या भुयारात शक्य तितकं गप्प राहायचं.

मे १९१७ च्या अखेरीला जर्मनांनी उडवलेल्या अशाच एका बाराने ऐकायच्या चौकीतली वाट ढासळली. आत एक सॅपर अडकला. तो तिथेच पडून ऐकत राहिला. आपल्या डोक्यावरून जर्मन भुयार जातंय, त्यात माणूस चालतोय, हे त्याने टिपून ठेवलं. दोन दिवसांनी त्याला जिवंत बाहेर काढलं, पण पुढे तो वाचला नाही. त्याची टिपणं मात्र कामाला आली: शत्रू किती जवळ आहे आणि किती वर आहे, हे कळलं.

सगळंच नुकसान शत्रूने केलं असंही नाही. २५ एप्रिल १९१७ रोजी भूमिगत मुख्यालयात डिटोनेटरची, म्हणजे बार पेटवणाऱ्या स्फोटक टोपीची, चाचणी घेताना दारू पेटली आणि कंपनीची १० माणसं गेली. चाचणीच्या जागेत जादा दारू असू नये, हा प्रत्येक खाणीतला पहिला नियम. जागेच्या टंचाईत भुयारात तो पाळणं कठीण होऊन बसलं.

तारा

दारू भरली की खोलीचं तोंड मातीच्या पोत्यांनी ठासतात. मध्ये मध्ये हवेच्या पोकळ्या सोडतात, म्हणजे स्फोटाचा जोर भुयारातून मागे न येता वर जातो. ठासणीची लांबी वरच्या जमिनीच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर बार बंदुकीसारखा भुयारातून आपल्याच अंगावर येईल. एकदा ठासलं की डिटोनेटरला हात लावता येत नाही. आतली तार खराब झाली तर सगळी ठासणी उपसायची. म्हणून सुरुवातीलाच तारांचे अनेक वेगवेगळे जोड आत घालतात, प्रत्येकाला स्वतंत्र डिटोनेटर.

राखणीचा अर्थ मग असा: रोज प्रत्येक जोडाला अगदी बारीक विजेचा प्रवाह सोडून रोध मोजायचा. प्रवाह इतका कमी की डिटोनेटर पेटू नये. रोध अचानक वाढला तर तार तुटली. घटला तर आवरणातून ओल शिरून वीज मधल्यामध्ये गळतेय. दुसरं जास्त फसवं, कारण तार जोडलेली दिसते, पण ऐन वेळी पुरेशी वीज टोकाला पोचत नाही. मोजमापाच्या वहीतल्या आकड्यांचा कल पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

शेवटच्या रात्री वुडवर्डने तारा पुन्हा पुन्हा तपासल्या. मेसिनच्या कड्यावर होणाऱ्या ब्रिटिश हल्ल्याची वेळ हजारो तोफा आणि पायदळाच्या अनेक डिव्हिजनांशी बांधलेली होती. सेकंदाचा उशीर झाला तरी आपलेच लोक उडणाऱ्या मातीखाली सापडले असते. मुख्य खटका डायनॅमोचा, तो वुडवर्डच्या हाती. तो चुकला तर म्हणून दोन लेफ्टनंटांच्या हाती हाताने फिरवून वीज सोडायचे एक्सप्लोडर. ब्रिगेडियर लॅम्बर्ट घड्याळ हातात घेऊन सेकंद मोजत होते. ‘फायर’ ऐकताच वुडवर्डने खटका ओढला, त्या घाईत हात उघड्या जोडाला लागला आणि विजेच्या झटक्याने तो मागे फेकला गेला. आपण झटक्याने पडलो की स्फोटाने, हे त्याला क्षणभर कळलं नाही.

कॅटरपिलरचा खड्डा सुमारे ७९ मीटर रुंद झाला, हिल ६०चा ५८ मीटर. मेसिनच्या कड्याखाली त्या पहाटे १९ सुरुंग उडाले. ते एकाच क्षणी उडाले असं सांगतात ते खरं नाही. पहिल्या आणि शेवटच्या स्फोटात वीसेक सेकंदांचं अंतर पडलं, आणि जर्मनांची भंबेरी उडायला तेच जास्त कारणीभूत झालं, कारण पुढचा कुठे होईल ते कळेना. १०,००० जर्मन एका झटक्यात गेले, हाही आकडा सांगोवांगीचा. लढाईतल्या बेपत्ता माणसांत सात हजारांवर कैदीही होते, ते वजा करायचं राहून गेलं. न उडवलेल्या सुरुंगांपैकी एक १९५५ मध्ये वीज पडून उडाला. सुदैवाने माणूस दगावला नाही, एक गाय मेली.

हिल ६०ला कंपनीने ३० च्या आसपास माणसं गमावली. त्यांचं स्मारक तिथे आहे.

भुयारानंतर

मेसिननंतर सुरुंगयुद्ध जवळजवळ संपलं. आघाडी हलू लागली, आणि महिनोन्महिने खणायचं भुयार हलत्या आघाडीला कामाचं नसतं. कंपन्या जमिनीखाली निवारे खोदायला लागल्या, रस्ते नीट करू लागल्या, माघार घेणाऱ्या जर्मनांनी पेरलेले सापळे काढू लागल्या. यात सर्वांत वाईट म्हणजे उशिरा फुटणारा बार. आत एक पोलादी तार असते, तिच्यावर आम्ल ओतलेलं असतं. ते तार खात राहतं, तार तुटली की सुटलेला घोडा टोपीवर आदळतो. घड्याळाची टिकटिक नाही, म्हणून जिओफोनचा उपयोग नाही. ताजी उकरलेली माती, नव्याने बसवलेली वीट, जमिनीचा वेगळा रंग असल्या खुणा शोधायच्या. मार्च १९१७ मध्ये बापोमच्या टाउन हॉलमध्ये असा बार कित्येक दिवसांनी फुटला आणि झोपलेले ऑस्ट्रेलियन सैनिक गाडले गेले. त्यानंतर जिंकलेल्या गावात आधी टनेलर, मग बाकीचे, हा शिरस्ता झाला.

दुसरं मिलिटरी क्रॉस वुडवर्डला सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये बेलिकूर-बोनी भागात रस्ते चालू ठेवल्याबद्दल मिळालं. अमेरिकन डिव्हिजन तिथे पुढे गेल्या होत्या, पण मागे जर्मन मशीनगन शिल्लक होत्या. रस्ता दुरुस्त करायला गेलेली तुकडी आघाडीतच सापडली.

तिसरं ४ नोव्हेंबर १९१८ चं, युद्ध थांबायच्या आठवडाभर आधीचं. सांब्र-ओआझ कालव्यावर रेजे-द-बोलियूच्या लॉकवर (बोटींना वर-खाली करणाऱ्या दरवाज्यांच्या टप्प्यावर) रणगाडे जातील असा पूल टाकायचा होता. मार्क ५ रणगाड्याचं वजन २९ टन, म्हणजे पायदळाचे तरंगते फळीपूल इथे चालणारे नव्हते. लॉकची जागा निवडण्याचं कारण म्हणजे कालवा तिथे सर्वांत अरुंद आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंतींचा पक्का टेकू. सुटे भाग गाड्यांतून आणून जागेवर जोडायचे. तोफांचा मारा बरोबर या लॉकवरच होता, कारण जर्मनांनाही हाच हिशोब कळत होता. पूल उभा राहिला. वुडवर्डची काही माणसं तिथे पडली. पश्चिम आघाडीवर लढताना मेलेल्या शेवटच्या ऑस्ट्रेलियनांत त्यांची गणना होते.

११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या, टनेलर थांबले नाहीत. बेल्जियममधले रेल्वेमार्ग, पूल, स्टेशनं यांत पेरलेले बार काढायला त्यांना मागे ठेवलं. पायदळ घरी जायच्या याद्या करत असताना यांच्या हातात डिटोनेटर होते, आणि खाणधंद्यातली ही माणसं आपली पाळी कधी म्हणून चिडलेली होती. १९१९ मध्ये वुडवर्ड ऑस्ट्रेलियात परतला आणि सेवेतून मोकळा झाला: कॅप्टन, मिलिटरी क्रॉस आणि त्यावर दोन बार, म्हणजे तेच पदक आणखी दोनदा. पुढे तो पोर्ट पिरीच्या शिसे वितळवण्याच्या कारखान्यात गेला आणि नंतर नॉर्थ ब्रोकन हिल कंपनीचा जनरल मॅनेजर झाला. १९६६ मध्ये होबार्टला तो वारला.